भिंगऱ्या करवंटी देईना

एक होतं अंगण.
केवढं अंगण? चाळीस उड्यांचं. वीस उड्या जायला, वीस उड्या यायला.
उड्या कुणाच्या? बेडकीच्या.
बेडकी होती डबीएवढी. म्हणून तिचं नाव डबी.

अंगणात होता माठ. माठाखाली तिवई. तिवईखाली करवंटी.
माठ पाझरायचा. टिप. टिप. टिप.
करवंटी भरायची. डबी आत बसायची. डुबुक!
बाहेर ऊन कसं? रणरण रणरण.
करवंटीत डबी कशी? गारेगार.
बेडकीची पाठ ओली हवी. पाठ वाळली, की बेडकीचा होतो पापड!

एकदा काय झालं, आत्या गेली बाजाराला. आणायला गेली भेंडी, घेऊन आली पिल्लू. कुत्र्याचं!
शेपूट भिरभिर. पाय तुरतुर. कान फडफड.
नाव ठेवलं भिंगऱ्या.

भिंगऱ्या पळायचा माजघरातून मोरीत. मोरीतून अंगणात. अंगणातून तात्यांच्या धोतरात.
तात्या ओरडायचे, "बस!"
काकू ओरडायच्या, "गप!"
आत्या ओरडायची, "उकरू नको!"
बस! गप! नको!
बस! गप! नको!
भिंगऱ्या बसायचा का? छे! गप व्हायचा का? नाव नको!

एके दिवशी सकाळी भिंगऱ्या आला सुसाट.
धडाम् धुडूम्! तिवईखाली शिरला.
डबीला उडवलं. भुर्र!
करवंटी उचलली. खप्!
आणि पळाला. तुरतुर तुरतुर!

डबी पडली धुळीत. फतक्!
पाठीला लागली माती. माती लागली वाळायला.
डबीला आला राग.
राग आला की डबीचे गाल फुगायचे. टम्म!
किती फुगले? बोराएवढे.

डबी निघाली. टप्पाक् टप्पाक्. टप्पाक् टप्पाक्.
भिंगऱ्या होता ओट्याखाली. करवंटी पंजाखाली.

"भिंगऱ्या, भिंगऱ्या, करवंटी दे!
पाठ माझी भिजेना!
डराँव!"

भिंगऱ्या म्हणाला, "भू भू! नाही देत जा! पाय माझे शिवशिवतात. सगळे म्हणतात बस, बस! कुणी मला पळवा. लांब पळवा. मग देईन."

डबीला आला राग. गाल फुगले. टम्म!
किती फुगले? लिंबाएवढे.

डबी निघाली. टप्पाक् टप्पाक्. टप्पाक् टप्पाक्.
पायरीवर बसली होती आत्या. हनुवटीला हात लावून.

"आत्या, आत्या, पिल्लू पळव!
भिंगऱ्या करवंटी देईना,
पाठ माझी भिजेना!
डराँव!"

आत्या म्हणाली, "नाही पळवत जा! जमीन बघ, तव्यासारखी तापलीय. अनवाणी पळू? माझ्या चपला कुठायत? भिंगऱ्या चावेल म्हणून दादानं लपवल्या. दादाला सांग, चपला शोध. मग पळवीन."

दादा म्हणजे कोण? आत्याचा भाऊ. म्हणजे आपले तात्या.

डबीला आला राग. गाल फुगले. टम्म!
किती फुगले? पेरूएवढे.

डबी निघाली. टप्पाक् टप्पाक्. टप्पाक् टप्पाक्.
झोपाळ्यावर बसले होते तात्या. कर्र कुर्र. कर्र कुर्र.

"तात्या, तात्या, चपला शोधा!
आत्या पिल्लू पळवीना,
भिंगऱ्या करवंटी देईना,
पाठ माझी भिजेना!
डराँव!"

तात्या म्हणाले, "नाही शोधत जा! लपवल्या खऱ्या. फार छान लपवल्या. इतक्या छान लपवल्या की मलाच आठवेना! चहा नाही पोटात, काय आठवणार डोक्यात? आधी चहा. मग शोधीन."

डबीला आला राग. गाल फुगले. टम्म!
किती फुगले? कवठाएवढे.

डबी निघाली. टप्पाक् टप्पाक्. टप्पाक् टप्पाक्.
स्वयंपाकघरात होत्या काकू. काकू म्हणजे तात्यांची बायको. भांडी आपटत होत्या. ढण्ण! खण्ण!

"काकू, काकू, चहा टाका!
तात्या चपला शोधीना,
आत्या पिल्लू पळवीना,
भिंगऱ्या करवंटी देईना,
पाठ माझी भिजेना!
डराँव!"

काकू म्हणाल्या, "नाही टाकत जा! चहा कशाचा टाकू, कपाळाचा? दूध होतं तांब्यात. तांब्या होता चुलीपाशी. भिंगऱ्या आला शेपूट हलवत. शेपूट लागलं तांब्याला. दूध गेलं मोरीला! वन्सं पायरीवर बसल्यायत आणि हे झोके घेतायत! शेळीला सांग, दूध दे. मग टाकीन."

वन्सं म्हणजे आत्या बरं का. आणि हे म्हणजे तात्या.

डबीला आला राग. गाल फुगले. टम्म!
किती फुगले? नारळाएवढे.

आता नारळाएवढे गाल घेऊन उडी मारता येते का? नाही येत.
मग डबी गेली कशी? गडगडत!
गडगड गडगड. गडगड गडगड.
खोटं वाटतं? तात्यांना विचारा. त्यांनी पाय वर घेतले होते.

गोठ्यात होती शेळी. तोंड फिरवून उभी.

"शेळी, शेळी, दूध दे!
काकू चहा टाकीना,
तात्या चपला शोधीना,
आत्या पिल्लू पळवीना,
भिंगऱ्या करवंटी देईना,
पाठ माझी भिजेना!
डराँव!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! नाही देत जा! सकाळचं दूध दिलं, ते सांडलंत. आता पुन्हा हवं? फुकट येतं का दूध? पोटात पाला गेला तर बाहेर दूध येईल. शेवग्याला सांग, पाला टाक. कोवळा हवा हं! मग देईन."

डबीला आला राग. गाल फुगले. टम्म!
किती फुगले? कलिंगडाएवढे!

ऊन चढलं होतं. रणरण रणरण.
डबीची पाठ वाळली होती. चरचर चरचर.
एक कड वर वळली होती. पापडासारखी!
आता घाई हवी.
गडगड गडगड. गडगड गडगड.

मोरीच्या मागे होता शेवगा. मान टाकून उभा.

"शेवग्या, शेवग्या, पाला टाक!
शेळी दूध देईना,
काकू चहा टाकीना,
तात्या चपला शोधीना,
आत्या पिल्लू पळवीना,
भिंगऱ्या करवंटी देईना,
पाठ माझी भिजेना!
डराँव!"

शेवगा म्हणाला, "सर्र सर्र! नाही टाकत जा! पाला कुठाय माझ्याकडे? सगळा सुकला. माझं आळं बघ!"

आळं म्हणजे काय? झाडाभोवतीचा गोल खड्डा. मोरीचं पाणी त्यात यायचं. खळखळ. शेवगा प्यायचा. घटघट.

"काल भिंगऱ्यानं गुलाब उकरला," शेवगा म्हणाला. "माती उडवली भस् भस्. सगळी माझ्या आळ्यात! आळं गेलं बुजून. पाणी अडलं मोरीत. मी राहिलो तहानेला. आळं उकर. मग टाकीन!"

डबीनं बघितलं आळ्याकडे. मग बघितलं आपल्या हातांकडे.
हात केवढे? दोन मेथीची पानं.
डबीनं उकरलं. खर्र. एक कण निघाला.
डबीनं उकरलं. खर्र. दुसरा कण निघाला.
असं उकरलं तर आळं कधी व्हायचं? पुढच्या दिवाळीला!

मग मात्र डबीला आला राग.
असातसा राग नाही. सगळ्या गावाचा राग एका बेडकीला आला.
गाल आता फुगतील कुठे? जागाच नव्हती!
डबीनं तोंड उघडलं आणि...

डराँऽऽऽऽऽव!

कौलं हलली. माठ हिंदकळला. शेळी मटकन खाली बसली.
तात्यांची टोपी उडाली. ती जाऊन बसली शेजारच्या पपईवर. पपईला अजून वाटतं, आपल्याला थंडी वाजू नये म्हणून कुणी दिली.

"मूं? मूं?"
कोण आलं? भिंगऱ्या आला! तोंडात करवंटी. म्हणून भू नाही, मूं.
"मूं मूं? कोण ओरडलं? मला पण ओरडायचंय!"

डबी म्हणाली, "मी ओरडले! तांब्या सांडला कुणी? तू! चपला लपवल्या कुणापायी? तुझ्यापायी! आळं बुजवलं कुणी? तू! माझी करवंटी नेली कुणी? तू, तू, तू! आता उभा काय राहिलास? उकर!"

भिंगऱ्याचा एक कान उभा राहिला.
"काय म्हणालीस?"
"उकर!"
भिंगऱ्याचा दुसरा कान उभा राहिला.
"उकरू नको?"
"नको नाही! उकर! या झाडाभोवती! गोल! आत्ता!"

बस, गप, नको. एवढंच ऐकलं होतं बिचाऱ्यानं. उकर कुणी म्हणालंच नव्हतं.
भिंगऱ्या झाडाभोवती फिरला. गर्र गर्र गर्र!
माती उडाली. भस् भस् भस्!
आत्या धावत दारात आली. "भिंगऱ्या, उकरू न..."
डबी गर्रकन वळली. "आत्या, गप!"
आणि आत्या गप्प!

आळं झालं. गोल गोल. भाकरीसारखं गोल.
मोरीचं पाणी सुटलं. खळखळ खळखळ!

आणि मग काय?
शेवगा प्यायला पाणी. घटघट घटघट. डबीला थेंबही उरला नाही.
शेवग्यानं टाकला पाला. सर्र सर्र.
शेळीनं खाल्ला पाला. करम करम.
शेळीनं दिलं दूध. चुर्र चुर्र.
काकूंनी टाकला चहा. फस् फस्.
तात्यांनी प्यायला चहा. फुर्र फुर्र.
एक घोट, काही नाही. दुसरा घोट, काही नाही. तिसरा घोट, आणि तात्या ओरडले, "आठवलं! माळ्यावर! लोणच्याच्या रिकाम्या बरणीत!"
"माझ्या बरणीत?" काकू ओरडल्या. "बरणीला चपलांचा वास!"
"माझ्या चपला?" आत्या ओरडली. "चपलांना लोणच्याचा वास!"
"अगं, पण सापडल्या ना?" तात्या म्हणाले.
"तुम्ही बोलू नका!" दोघी म्हणाल्या.

आत्यानं घातल्या चपला. आंबट आंबट.
पदर खोचला. पळाली. चटाक् फटाक्! चटाक् फटाक्!
मागून भिंगऱ्या. नाक चपलेकडे, शेपूट आभाळाकडे. करवंटी दातांत घट्ट. तुरतुर तुरतुर!
विहिरीला फेरी. शाळेला फेरी. पारावरच्या म्हाताऱ्यांना दोन फेऱ्या.
"अगं, कोण कुणाला पळवतंय?" म्हातारे म्हणाले.
"मलाही कळेना!" आत्या म्हणाली. चटाक् फटाक्!

इकडे डबी बसली होती तिवईखाली. करवंटी नाही. माठाचं पाणी मातीवर पडे. टिप. मातीत जाई. टिप. मातीत जाई.
पाठीची दुसरी कडही वळायला लागली.
"डराँव," डबी म्हणाली. पण बारीक. अगदी बारीक.

तेवढ्यात, चटाक्... फटाक्... चटाक्...
आत्या आली. पायरीवर बसली. धप्प!
भिंगऱ्या आला. जीभ बाहेर काढायची होती. पण जीभ निघणार कशी? तोंडात करवंटी!
भिंगऱ्यानं तोंड उघडलं.
जीभ बाहेर. ल्हप् ल्हप्.
करवंटी खाली. टण्ण!
भिंगऱ्यानं ती नाकानं ढकलली. तिवईखाली. थेंबाखाली.
"घे बाई," तो म्हणाला. "खूप पळलो. आता नको मला."
आणि आडवा झाला. फतकल!

टिप. टिप. टिप.
करवंटी भरली.
डबी आत गेली. डुबुक!
पाठ भिजली. कडा सरळ झाल्या.
गाल उतरले. फुस्स! कलिंगडाचा नारळ. फुस्स! नारळाचं कवठ. फुस्स! कवठाचा पेरू. फुस्स! पेरूचं लिंबू. फुस्स! लिंबाचं बोर.

तात्या आले बघायला. भिंगऱ्या झोपला होता. घुर्र घुर्र.
"अरे, हा बसला!" तात्या म्हणाले.
काकू आल्या बघायला. "अगं बाई, गप झाला!"
आत्या पाय चोळत म्हणाली, "आता उकरणार नाही."
"उकरेल!" करवंटीतून आवाज आला. "उकरायला जागा द्या, तिथेच उकरेल. आणि आत्या, उद्या ऊन चढायच्या आत पळवायचं त्याला. रोज पळवायचं. ऐकलंस?"
"हो गं बाई, हो," आत्या म्हणाली.
"चपला खुंटीला टांगा. ऐकलंत, तात्या?"
"ऐकलं, ऐकलं."

डबीनं डोळे मिटले. एक गाल उतरला, अगदी सपाट झाला.
दुसरा गाल? तो ठेवला तिनं तसाच. बोराएवढा फुगवून.
कशाला?
उद्या कुणी विसरलं तर!

माठ पाझरला टिप टिप,
पिल्लू झोपलं घुर्र घुर्र,
आणि गोष्ट गेली करवंटीत, डुबुक!