नव्या साकवावर ओझं नेत नाहीत

"म्हणजे घालू की नको, तेवढंच सांगा."

साबाजीबुवा मठाच्या ओसरीवर आमसुलांसाठी रातांबे फोडत बसले होते. फळ दोन बोटांत दाबायचं, बिया एका पातेल्यात, सालं सुपात. त्यांचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"बुवा, ऐकताय ना?"

"ऐकतोय... काय घालायचं म्हणालास?"

विघ्नेशने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. लॅपटॉप जिच्या जोरावर चालतो ती सिस्टीम. कंपनी दरवर्षी नवी काढते, पण ती पक्की व्हायच्या आधीच हौशी लोकांना वापरायला देते, म्हणजे चुका सापडतात. त्या कच्च्या सिस्टीमला बीटा म्हणतात. घातली तर झकास चालेल. नाहीतर लॅपटॉप मध्येच बसेल, कदाचित आतलं सगळं पुसलं जाईल. रोजच्या कामाच्या मशीनवर ही घालू नका, असं कंपनीने स्वतःच लिहिलं आहे.

"ते स्वतःच नको म्हणतात?"

"हो."

"आणि वर देतातही?"

"हो."

"हुशार आहेत," बुवा म्हणाले आणि पुढचा रातांबा घेतला.

विघ्नेशला हसू आलं नाही. त्याचं बूड एका जागी टेकत नव्हतं. तो ओसरीवर बसायचा, उठायचा, अंगणातला खडा उचलून ओहोळाकडे भिरकावायचा, परत येऊन बसायचा. लॅपटॉपची पिशवी मात्र एवढ्या वेळात त्याने पाठीवरून काढली नव्हती.

तो आपण होऊन इथे आलाच नव्हता. आईने पाठवलं होतं. रोज सकाळी तो लॅपटॉप उघडायचा, पडद्याच्या कोपऱ्यात चौकोन यायचा, की नवी बीटा तयार आहे, आता घालायची का? रोज त्याचं बोट तिथवर जायचं आणि थांबायचं. मग दिवसभर तो घरात कुणाशी धड बोलायचा नाही, मोटरसायकल काढून कुठेतरी निघून जायचा. शेवटी आई म्हणाली, मला त्यातलं काही कळत नाही, पण बुवांना एकदा विचार. तुझ्या दादाला त्यांनीच वळण लावलं.

ते खरं होतं. दादाला पखवाज बुवांनी शिकवला होता, याच ओसरीवर.

दादाचं बाजारात दुकान होतं. बॅनर बनवायचे, लग्नाच्या व्हिडिओची जोडाजोडी करायची, भजनं रेकॉर्ड करून द्यायची. विघ्नेश नववीत शाळा सोडून त्याच्या मागे वायरी गुंडाळत फिरला. शिमग्याच्या तोंडावर घाटात दादाची गाडी घसरली. आता मे संपत आला होता, आणि दुकानाची चावी विघ्नेशच्या खिशात होती.

"लॅपटॉप किती आहेत तुझ्यापाशी?" बुवांनी विचारलं.

"दोन होते. एकावर दादा काम करायचा. दुसरा जुना, त्याच्यावर असल्या सगळ्या बीटा घालून बघायचा, बिघडला तर बिघडला म्हणून. तो त्या दिवशी त्याच्या पाठीवर होता." विघ्नेश थांबला. "तो त्याच्याबरोबरच गेला. आता हा एकच."

बुवांचा हात पातेल्यावर थांबला...

मग पुन्हा चालू झाला.

बुवांनी विचारलं, आतलं जे काही मोलाचं आहे त्याची नक्कल काढून दुसरीकडे ठेवता येत नाही का? विघ्नेश म्हणाला, येते की. कुडाळला जाऊन हार्ड डिस्क आणायची, एक रात्र लावून ठेवायची, झालं.

"मग अडलं कुठं?"

"तेवढा धीर कुणाला आहे?"

"धीर नाही, तर इतके दिवस थांबलास कसा?"

तो उठला, अंगणाच्या टोकाला गेला, परत आला.

"तुम्हाला काय वाटतं, मला नव्याची हौस आहे म्हणून?"

"नाही?"

"गेल्या गणपतीत आमच्या घरचं भजन दादाने रेकॉर्ड केलं होतं. तुम्ही होतात. सुरुवातीला, सगळे बसत असतात तेव्हा, दादा मला काहीतरी सांगतोय. 'विग्या, तू...' एवढंच ऐकू येतं. पुढचं झांजेत बुडालं."

त्याने ते इतक्यांदा ऐकलं होतं की 'तू' आणि झांज यांच्यामधली दादाची श्वास घेण्याची जागासुद्धा त्याला पाठ झाली होती. विग्या, तू माईक धर, असं असेल. विग्या, तू गाढव आहेस, असंही असेल, कारण दादाचं ते रोजचंच होतं. पण दुसरं काही असलं तर?

"नव्या बीटात आवाज वेगळे काढायची सोय आहे. झांज बाजूला, माणूस बाजूला. पक्की सिस्टीम यायला दिवाळी उजाडेल."

"आणि बीटा घालताना लॅपटॉप बसला तर?"

"तर ते 'विग्या, तू' पण जाईल."

बुवांनी हातातला रातांबा न फोडताच खाली ठेवला.

"तुम्हाला आठवतंय का, काय म्हणाला होता ते?"

बुवांनी नकारार्थी मान हलवली. "झांज माझ्याच हातात होती बाबा."

ओसरीसमोरच्या माडावर एक कावळा ओरडत होता. विघ्नेशने त्याला खडा मारला. लागला नाही.

खाली ओहोळावर साकव बांधायचं काम चाललं होतं. पावसात ओहोळ फुगला की मठ गावापासून तुटतो, म्हणून पोफळीची खोडं आडवी टाकून, काथ्याने आवळून दरवर्षी नवा साकव बांधायचा, अशी तिथली वहिवाट. नवा बांधून झाला तरी गावकरी जुना लगेच सोडत नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी राहतात. नव्यावरून आधी माणसं रिकामी ये-जा करतात, तांदळाचं पोतं, लाकडाचा भारा, कडेवरचं पोर हे सगळं जुन्यावरून. नवा चांगला रुळला की मग जुन्याच्या गाठी सोडायच्या.

येताना विघ्नेश जुन्यावरून आला होता. नव्याची खोडं टाकून झाली होती, पण पलीकडची बाजू अजून आवळलेली नव्हती, धरायला बांबूही नव्हता. मोतीराम घाडी एकटाच काथ्या भिजवत बसला होता. बाकीचे जेवायला गेले होते.

"तुझा दादा असता तर त्याने काय केलं असतं?" बुवांनी विचारलं.

तेवढंच विघ्नेशला पुरलं.

"घातली असती," तो म्हणाला. "तो तुमच्यासारखा विचार करत बसला नसता. तुम्ही सगळे भित्रे. आई भित्री. मी घरातून पाय बाहेर टाकला की कुठं चाललास, कधी येशील, गाडी हळू चालव. संध्याकाळ झाली की पडवीत येऊन उभी. माझ्या गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय आत जात नाही. मला वीट आलाय बुवा. जगायचं तर असं जपून जपून जगायचं?"

बुवांनी सुपातली सालं हाताने पसरली.

"बोला की."

"बीटाचं विचारायला आला होतास," बुवा म्हणाले.

विघ्नेश अंगणातून तडक खाली उतरला. जुन्या साकवाशी आला, आणि तिथून नव्याकडे वळला. मोतीरामने मान वर केली. तिकडं जाऊ नको, पलीकडची खोडं अजून सुटी आहेत, असं त्याने सांगितलं. विघ्नेशने ऐकलं न ऐकलं केलं.

"मेल्या, तुझ्या दादाने निदान गाठी तरी बघितल्या असत्या," मोतीराम म्हणाला.

विघ्नेशने खोडावर पाय ठेवला. दुसरा ठेवला. खोडं त्याच्याखाली दबली आणि वर आली. खाली पाणी नव्हतं, नुसते धोंडे होते, उन्हात पांढरे पडलेले.

तो थांबला...

मग मागे फिरला. मोतीरामला बरं वाटलं. पोराला अक्कल आली म्हणाला, आणि पुन्हा काथ्याकडे वळला.

विघ्नेश पायवाटेने वर ओसरीवर आला. पाठीवरची पिशवी काढली, दोन्ही हातांनी बुवांच्या मांडीवर ठेवली.

"एवढी धरा. आपटली तर संपलं सगळं."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर तो खाली पोचलाही होता. त्यांनी मोतीरामला हाक मारली. मोतीराम उठेपर्यंत विघ्नेश नव्या साकवावर होता.

अर्ध्यापर्यंत तो जवळजवळ धावतच गेला. अंगातलं सगळं वारं पायांत उतरलं होतं आणि त्याला फार दिवसांनी बरं वाटत होतं. मग पलीकडचं एक खोड गरकन फिरलं. त्याचा पाय दोन खोडांमधून मांडीपर्यंत खाली गेला. दुसरा वरच दुमडला. हात कशाला लागले ते त्याला कळलं नाही, पण कशाला तरी लागले. सुटं खोड कडेला सरकलं, खाली गेलं, आणि धोंड्यांवर त्याचा आवाज झाला.

मोतीराम जुन्या साकवावरून धावत त्याच्याबरोबरीने आला आणि मधल्या जागेतून हात पुढे करून उभा राहिला. विघ्नेशने तो हात धरला नाही. पाय ओढून काढला, उरलेल्या खोडांवरून हातापायांनी सरपटत पलीकडे गेला, आणि काठावर उताणा पडून हसायला लागला.

हसू बराच वेळ थांबेना. शेवटी शेवटी ते हसू राहिलं नव्हतं.

मोतीरामने त्याला दोन शिव्या घातल्या आणि आपल्या अंगावरचा पंचा त्याच्याकडे फेकला. नडगीवर बांध म्हणाला. विघ्नेशने तो खांद्यावर टाकला आणि जुन्या साकवावरून लंगडत परत आला.

बुवा होते तिथेच बसले होते. रातांब्यांचं पातेलं कलंडलं होतं, बिया ओसरीभर झाल्या होत्या. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती आणि तिच्यावर त्यांच्या दोन्ही हातांचे लाल पंजे उमटले होते.

"अहो, हात पुसायचे तरी," विघ्नेश म्हणाला.

त्याने पिशवी घेतली. मोतीरामच्या पंच्याने ते डाग पुसले. लॅपटॉप बाहेर काढला, आडवा धरून बघितला, उभा धरून बघितला, मांडीवर ठेवून उघडला. नडगीवरून रक्त ओघळून टाचेपर्यंत आलं होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

पडदा उजळला. दादाने लावलेलं पखवाजाचं चित्र आलं. कोपऱ्यात चौकोन आला. आता घालायची का?

"चालतोय," तो म्हणाला. "काही झालं नाही."

बुवांचे हात अजून हवेतच होते, पिशवी धरल्यासारखे. विघ्नेशने ते आत्ता पाहिले.

"हा माझ्याकडं का ठेवून गेलास?" बुवांनी विचारलं.

"म्हणजे काय? खोडं सुटी होती. पडलो असतो तर..."

"तर?"

"सांगितलं ना बुवा. एकच आहे. दुसरा नाही."

बुवांनी हात मांडीवर ठेवले. खाली मोतीराम नव्या साकवाच्या तोंडाशी काटेरी फांदी आडवी टाकत होता. ओहोळापलीकडे, माडांच्या मागे, विघ्नेशच्या घराचं छप्पर दिसत होतं. बुवा तिकडे बघत राहिले...

"विग्या," ते म्हणाले, "तुझ्या आईपाशी किती आहेत?"