बाईंचे तीन ‘र’

शाळेच्या शतकमहोत्सवाची प्रशस्तिपत्रं छापायची होती. तारामतीबाईंचं अक्षर म्हणजे शाळेचं वैभव, पण आता त्यांचा हात थरथरायचा. म्हणून त्यांची विद्यार्थिनी मृणाल दाभोळे हिनं बाईंच्या जुन्या वह्यांवरून त्याच वळणाचा देखणा फॉन्ट तयार केला; हातानं लिहिल्यासारखं एकच अक्षर त्यात दरवेळी जरा वेगळं उमटायचं.

संस्थेचे अध्यक्ष रंगराव यांनी नमुना पाहिला आणि भर सभेत गरजले, “एका ओळीत तीन ‘र’ आणि तिन्ही वेगळे! ही कसली बेशिस्त? नेहमीचाच फॉन्ट घ्या.”

समोर बसलेल्या बाईंनी मान खाली घातली.

मृणालनं कोरा कागद पुढे केला. “साहेब, यावर दोनदा सही कराल?”

रंगरावांनी ऐटीत दोन सह्या ठोकल्या. मृणालनं त्या फाडून वेगळ्या केल्या आणि एकीवर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरल्या. एकीचा फराटा वर गेला होता, दुसरीचा खाली.

“यातली बेशिस्त सही कोणती, तेवढं सांगा साहेब. बाईंचे बेशिस्त ‘र’ मी लगेच काढून टाकते.”

सभेत खसखस पिकली. बाईंनी मान वर केली. रंगरावांनी दोन्ही सह्या गुपचूप खिशात घातल्या.

“छापा,” ते पुटपुटले, “तिन्ही ‘र’ राहू देत.”