भेकरनाळ

"पण बुवा, खिंड काय आणि नाळ काय, शेवटी दोन्ही डोंगरातल्या वाटाच ना?"

प्राध्यापक दिनकर चौबळांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. सोमगीर बुवा देवळाच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

देऊळ भैरवाचं, ऐन कड्यावर. समोर पन्नास पावलांवर जमीन संपत होती. तिथं कड्याला वरपासून खालपर्यंत एक अरुंद चीर गेली होती. खाली कोकण.

दुपारचे बारा वाजले होते, पण ऊन नव्हतं. त्या चिरेतून धुकं वर येत होतं.

"मास्तर," बुवा म्हणाले, "खिंडीतून माणूस जातो. नाळेतून पाणी जातं."

"हे लोकांचं बोलणं झालं. मी व्याख्या विचारतोय."

"मी गोसावी. मला एवढंच येतं."

चौबळ हसले. तीस वर्षं ते भूगोल शिकवत होते. सह्याद्रीतल्या घाटवाटांचं त्यांचं पुस्तक नकाशासकट छापून आलं होतं, आणि डोंगर चढणारी पोरं ते सॅकमध्ये घालून फिरत. घाट, बारी, सर, नाळ, दार... गावोगावची ही नावं वाचणाऱ्याला गोंधळात टाकतात, असं त्यांचं मत. म्हणून कड्यातून उतरणारी जी जी फट असेल तिला त्यांनी खिंड म्हटलं होतं. समोरच्या भेकरनाळेला नकाशावर भेकरखिंड.

आता दुसरी आवृत्ती छापायला जायची होती. इथल्या गावकऱ्यांचं पत्र आलं होतं : नाव बदला.

"एका शब्दानं काय बिघडतं, ते मला पटवून द्या. बदलतो," चौबळ म्हणाले.

बुवांनी सूप बाजूला ठेवलं. चौबळांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तुम्ही ही नाळ उतरला आहात?"

"इथं उभा राहून पाहिली होती. वरून सरळ दिसते."

"वरून सरळच दिसते..."

धुकं ओट्याच्या पायरीपर्यंत आलं.

"दोन वर्षांमागं श्रावणात एक जण उतरला," बुवा म्हणाले. "निम्म्यावर साठ हात सरळ तुटलेलं आहे. पाण्याला काय, ते उडी मारतं. चौथ्या दिवशी खालच्या वाडीतल्या माणसांना सापडला."

"ठाऊक आहे मला." चौबळांचा आवाज बारीक झाला. "सुहास माझाच विद्यार्थी. पाऊस होता, तो एकटा होता. त्यात शब्दाचा काही..."

ते मध्येच थांबले.

खालून कुणीतरी हाक मारली होती.

चौबळांनी बुवांकडे पाहिलं. बुवांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"गुराखी असेल," चौबळ म्हणाले.

"त्या बाजूला गुरं जात नाहीत."

"मग कोण?"

"धुकं भरलं की विचारतो. रोज नाही."

"काय विचारतो?"

"चला. तुमच्या कानांनी ऐका."

बुवा उठले आणि अनवाणीच चालू लागले. चौबळ मागून गेले. मागं वळून पाहिलं तर देऊळ दिसेना. पुढं बुवांची पाठही अधूनमधून पुसट व्हायची. दोघं नाळेच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. समोर नुसतं पांढरं.

आवाज पुन्हा आला. तरुण, नम्र, जरासा दमलेला.

"इथून खाली वाट आहे ना?"

चौबळांनी तो आवाज दोन वर्षं वर्गात ऐकला होता.

"बुवा... तुम्ही त्याला सांगत का नाही?"

"पुष्कळदा सांगितलं. ऐकत नाही. म्हणतो, माझ्याजवळ नकाशा आहे."

"इथून खाली वाट आहे ना, सर?"

या वेळी आवाज जवळून आला.

चौबळ दोन पावलं पुढं झाले. बोलायला लागले तर तोंडातून वर्गातलीच भाषा आली. "सुहास, हे बघ, स्थानिक बोलीत काही संज्ञा..."

"व्याख्या नाही विचारत तो," बुवा हळूच म्हणाले.

धुक्यानं चौबळांचा चष्मा भरला होता. त्यांनी तो काढला, पण पुसला नाही.

"सुहास," ते म्हणाले, "ही खिंड नाही. नाळ आहे. खाली वाट नाही... मी उतरून बघितलं नव्हतं. न बघता लिहिलं."

वारा पडला होता.

"मी न बघता लिहिलं, बाबा. तू वर ये."

खोल कुठंतरी एक दगड सुटला. खाली गडगडत गेलेला ऐकू आला, आणि मग ऐकू येईनासा झाला.

मग बूट वाजले. दगडावर एक पाऊल, मग दुसरं. कुणीतरी हातांनी आधार घेत, धापा टाकत वर येत होतं. मध्ये थांबत होतं. पुन्हा चढत होतं.

चौबळ दोन्ही हात पसरून नाळेच्या तोंडाशी तसेच उभे राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

पावलं हातभर अंतरावर येऊन थांबली. ओल्या सॅकचा वास आला. समोर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. श्वास मात्र ऐकू येत होता, अगदी तोंडासमोर.

"बुवा," चौबळ मान न वळवता कुजबुजले, "तो... तो पुढं का येत नाही?"

सोमगीर बुवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाजूला सरा, मास्तर. वाट अडवून उभे आहात."