हात माझा, चपराक कोणाची?

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता आणि त्याला चवरी ढाळणारी कुमुदिनी नावाची दासी होती. राजाने खूश होऊन तिला एक सोन्याचे कडे दिले. तिने ते मनगटात घातले मात्र, हात उठला आणि भर दरबारात महाराजांच्या गालावर सणसणीत बसला.

राज्याचा कायदा असा, की राजावर हात टाकील त्याचा हात तोडावा.

कुमुदिनीने लोटांगण घातले. ती म्हणाली, "हात माझा खरा, पण उचलला मी नाही."

"हात काय तुला विचारल्यावाचून उठतो?" न्यायाधीश त्रिलोचनशास्त्री म्हणाले.

"शिंक तरी कुठे विचारून येते, शास्त्रीबुवा?"

शास्त्रीबुवांनी तीन परीक्षा नेमल्या. पहिलीत हात गुंतून राहावा म्हणून तिच्या हाती तेलाने काठोकाठ भरलेला वाडगा दिला. तेल महाराजांच्या दाढीत गेले, मागोमाग चपराक. दुसरीत हात हत्तीच्या साखळदंडाने खांबाला बांधला. साखळदंड तुटला, चपराक चुकली नाही. तिसरीत झोपेची मुळी उगाळून पाजली आणि तिला गाढ निजवले. ती घोरत होती आणि हात आपले काम करीत होता.

महाराजांचा गाल पुरीसारखा फुगला.

"झोपेतही मनात द्वेष असू शकतो," शास्त्रीबुवा म्हणाले. "तोडा हात."

तेव्हा खजिन्यावर राखणीला ठेवलेली बोलकी मैना उडत दरबारात आली आणि म्हणाली, "महाराजांनी ते कडे एका मांत्रिकाकडून हिसकावून आणले, म्हणून त्याने शाप दिला, की ते घालणाऱ्याचा हात महाराजांवर उठेल. मनगटातून ते निघत नाही. जो स्वतःहून मागेल त्याच्याच हाती जाते."

"थोतांड," शास्त्रीबुवा म्हणाले. "आण इकडे ते कडे."

कडे त्यांच्या मनगटात गेले आणि महाराजांच्या दुसऱ्या गालावर चपराक बसली.

शास्त्रीबुवा आपल्या हाताकडे बघत राहिले.

"महाराज, हे मी केले नाही."

"दासीही तेच म्हणत होती," महाराज म्हणाले. "मग आता दोन हात तोडायचे का?"

शास्त्रीबुवांनी हात पाठीमागे लपवला. महाराजांनी मैनेला विचारले, "यातून सुटका कशी?"

"ज्याने हिसकावले त्याने ते मागून घ्यावे."

महाराजांनी सुस्कारा सोडला आणि शास्त्रीबुवांकडून कडे मागून आपल्या मनगटात घातले. स्वतःच्याच हाताने त्यांनी स्वतःला अशी लगावली, की मुकुट सिंहासनाखाली गडगडत गेला. त्या दणक्याने कडे दुभंगले आणि शाप सरला. तुकडे मांत्रिकाकडे पोचते झाले. कायद्यात नवी ओळ आली: आधी पाहावे, हात मनाने उचलला की आपोआप उठला, मगच शिक्षेची भाषा करावी.

कुमुदिनी आपला धड हात कुरवाळीत कामावर आली. तिने चवरी उचलली तसे महाराज टुणकन मागे सरकले. ते त्यांनी मुद्दाम केले नव्हते, म्हणून त्यांना कोणी हसले नाही. त्या राज्याचे भले झाले, तसे ऐकणाऱ्यांचेही होवो.