उन्हात घातलेले दप्तर

फार फार पूर्वीची गोष्ट. राज्याचे नाव आता कुणाच्या लक्षात नाही, तेव्हा आपणही ते विचारू नये.

त्या राज्यातून एक नदी वाहत असे. तिचा उगम मात्र शेजारच्या राजाच्या मुलखात. म्हणून आपला राजा भर दरबारात त्याला 'प्रिय बंधू' म्हणे, आणि तिकडे नेमलेला आपला वकील गुपचूप लिहून कळवी, की हे बंधू महाकंजूष आणि आतल्या गाठीचे आहेत.

असली पत्रे एक म्हातारे चिटणीस सांभाळत. पावसाळ्यातली ओल जावी म्हणून दर आश्विनात ते सारे दप्तर राजवाड्याच्या गच्चीवर उन्हात पसरीत. एका वर्षी पत्रांवर दगड ठेवायच्या आधीच ते विड्याचे पान लावत बसले. तेवढ्यात वावटळ आली आणि सगळे राजकारण उडून बाजारात पडले.

शाळेच्या पंतोजींनी त्यातले एक पत्र पारावर वाचून दाखवले. शेजाऱ्याची निंदा ऐकून लोक पोट धरधरून हसले. शेवटच्या ओळीला मात्र सगळ्यांचे हसू थांबले. येत्या माघात शेजारी नदीला बांध घालून पाणी तोडणार होता. राजाला हे सहा महिन्यांपासून ठाऊक होते आणि त्याने ते कुणाला सांगितले नव्हते.

राजा संतापला. पाण्यावरून नव्हे, पत्रावरून. त्याने दवंडी पिटवली, की ही पत्रे बनावट आहेत आणि ज्याच्याकडे सापडतील त्याला फटके मिळतील. बनावट कागदापायी फटके कशाला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. लोक घरी गेले आणि त्यांनी निमूटपणे विहिरी खणायला घेतल्या.

चिटणिसांना बंदिखान्यात टाकले. चूक माझी आहे पण फितुरी नाही, पत्रे वाऱ्याने नेली, असे ते परोपरीने सांगत होते. कुणी मानले नाही. माघ संपेपर्यंत साथीदाराचे नाव सांगा, नाहीतर कडेलोट, असा हुकूम झाला.

प्रधान त्यांना भेटायला आले. "पंतोजींचे नाव घ्या आणि सुटा," ते म्हणाले. "त्यांनी पत्र वाचले, हे तर साऱ्या गावाने पाहिले आहे."

चिटणिसांना जीव प्यारा होता. ते फार घाबरले होते. आठ दिवस ते नाव त्यांच्या जिभेवर घोळत राहिले. शेवटी प्रधान पुन्हा आले, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. "जन्मभर दुसऱ्यांचे खरेखोटे जपले," ते म्हणाले. "आता स्वतःचे खोटे कुठल्या दप्तरात ठेवू?"

माघ लागला आणि नदी आटली. गावात नव्या विहिरींना पाणी होते. राजवाड्यात ठणठणाट, कारण विहीर खणावी तर पत्र खरे ठरत होते. अखेर राणी स्वतः कळशी घेऊन पंतोजींच्या विहिरीवर गेली. पंतोजींनी तिला पाणी शेंदून दिले.

त्या दिवशी राजाने चिटणिसांना समोर आणवले. "शेवटचे विचारतो. माझे गुपित कुणी फोडले?"

"वाऱ्याने, महाराज. पण वाऱ्याने नुसता कागद नेला. पाणी तुटणार हे ठाऊक असून लोकांना तहानेवर सोडणे, हे काही वाऱ्याचे काम नव्हे."

राजापुढे राणीने आणलेले पाणी होते. उचललेले भांडे त्याने तसेच खाली ठेवले. त्याने मान खाली घातली आणि चिटणिसांच्या बेड्या काढायला सांगितले.

लहानांनी आणि थोरांनीही घ्यावे ते इतकेच: गुपित फुटले तर फोडणाऱ्याला शोधण्याआधी, ते आपण का लपवले होते हे स्वतःला विचारावे.