साळू गुरविणीची अपुरी कहाणी

फार वर्षं झाली. आता ज्या वडाच्या पारंब्या जमिनीत रुजल्या आहेत, तो वड तेव्हा बोटाएवढा होता असं म्हणतात. त्या काळी पळसोळी गावात, नदीकाठच्या महादेवाच्या देवळाशी, साळू नावाची गुरवीण राहत असे. नवरा ऐन तिशीत गेलेला, मूलबाळ नाही. देवळाची झाडलोट करायची, देवाला बेल वाहायचा आणि पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून गावाला पुरवायच्या, हे तिचं काम.

पण तिने आणखी एक वसा घेतला होता. देवळाच्या खांबांवर जुनी अक्षरं कोरलेली होती. एका वाटसरू गोसाव्याने तिला त्यांचे उच्चार सांगितले आणि झाडता झाडता बोटाने गिरवून ती लिहायला शिकली. तेव्हापासून पत्रावळी लावून झाल्या की एक पान ती स्वतःसाठी ठेवी आणि बाभळीच्या काट्याने त्याच्या पाठीवर गोष्ट लिही. काटा ओढला की आधी काहीच दिसत नसे. घटकाभराने रेघ तपकिरी होऊन वर येई, आणि एकदा वर आली की पुसता येत नसे. म्हणून प्रत्येक वाक्य ती आधी गोठ्यातल्या म्हशीला ऐकवी. म्हशीने रवंथ थांबवला तर वाक्य ठेवायचं, नाहीतर सोडून द्यायचं.

बायका हसत. "साळे, म्हशीला कहाण्या सांगतेस, दूध तरी जास्त देते का गं?"

"दूध नाही देत, पण लबाडी चालू देत नाही," साळू म्हणे.

ताप असो, उपास असो, रोज एक पान लिहिल्याशिवाय ती निजली नाही. वसा असाच पाळायचा असतो, बायांनो, कुणी बघो न बघो.

गावाची एक रीत होती. श्रावणातल्या सोमवारी देवाला मूठभर धान्य वाहतात ती शिवामूठ तुम्हाला ठाऊकच आहे. नव्या सुनांनी आपण नावडत्या असू तर आवडत्या व्हावं म्हणून ती वाहायची. पळसोळीत मात्र सासवासुद्धा मूठ धरत. कहाणी सुरू झाली की मूठ मिटायची आणि कहाणी संपेपर्यंत उघडायची नाही. अर्ध्या कहाणीत मूठ उघडली तर घराचं अर्धं सुख जातं, अशी समजूत.

त्या वर्षी कहाणी सांगणारी म्हातारी आजारी पडली. तेव्हा तुळसाबाई पाटलीण म्हणाल्या, "साळे, तूच सांग की. रोज पानं खरडतेस ना?"

या तुळसाबाईंच्या घरी तीन वर्षांपूर्वी मोठं दुःख झालं होतं. त्यांची सून येसू नदीवर गेली ती परत आलीच नाही. तिचं लुगडं खडकावर सापडलं. नदीने नेली, असं सगळं गाव समजून बसलं. मुलगा मानाजी रोज दिवस मावळताना काठावर जाऊन बसे. दिवाळीनंतर त्याचं दुसरं लग्न करायचं घाटत होतं.

पहिला सोमवार, तांदळाची मूठ. देवळात बायका दाटीवाटीने बसल्या. साळूने पानं आणली होती. शेवटचं पान तिने कोरंच ठेवलं होतं. सांगता सांगता सापडेल, असं तिला वाटलं.

ती सांगू लागली. एक नगर होतं, तिथे एक नावडती सून होती. सात वर्षं झाली, पाळणा हलला नाही. एका पहाटे सासूने तिला मागल्या दाराने काढलं आणि दूरच्या गावी सोडलं. परतताना सासू नदीवर आली. सुनेचं लुगडं तिने खडकावर ठेवलं. पण आयुष्यभर घडी घालायची सवय. हातांनी लुगड्याची नीट चार पदरी घडी घातली.

देवळातल्या बायकांच्या नजरा तुळसाबाईंकडे वळल्या.

येसूचं लुगडं खडकावर चार पदरी घडी घातलेलंच सापडलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं आणि तीन वर्षांत एकीलाही प्रश्न पडला नव्हता की नदीत वाहून जाणारी बाई लुगड्याची घडी घालेल कधी?

तुळसाबाई उभ्या राहिल्या. चेहरा चुन्यासारखा पांढरा. "तुला कुणी सांगितलं?"

साळूच्या हातातली पानं गळून पडली. "कुणी नाही हो पाटलीणबाई! आईशप्पथ, मी रचलं!"

तिने खाली वाकून पानं गोळा केली. कहाणी तिथेच थांबली आणि बायका मिटल्या मुठींनी घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई गोठ्याच्या दारात आल्या. "सून पाय घसरून पडली, सासूने ऊर बडवला, असं सांग आणि बायकांच्या मुठी सोडव. नाहीतर तुझी पत्रावळ गावात चालायची नाही, आणि ही पानं चुलीत जातील."

साळू घाबरली. खरं सांगायचं तर, तिने कोरं पान लिहायला घेतलंही. म्हशीपाशी जाऊन म्हणाली, "सून पाय घसरून पडली." म्हैस रवंथ करतच राहिली. साळूने पुन्हा म्हटलं. म्हशीने मान फिरवली.

मग साळू पत्रावळी लावत बसली आणि काडी टोचता टोचता तिचा हात थांबला. येसूच्या वर्षश्राद्धाला पाटलांकडून एकशे एक पत्रावळींची मागणी आली होती. त्यातली एक कोरी परत आली होती. गेलेल्याच्या नावाचं पान वेगळं मांडतात, ते तुळसाबाईंनी मांडलंच नव्हतं. जिवंत माणसाचं पान मांडायला त्या माउलीचाही हात धजला नसेल. साळू ते विसरली होती. तिचा हात विसरला नव्हता. येसू जिवंत होती, आणि आपण 'पडली' असं लिहिलं तर आज आपल्याच काट्याने मरणार होती!

तिने निरोप धाडला, "शेवट माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे आहे त्याने सांगावा."

तीन दिवस पळसोळीच्या बायका एका हाताने रांधत होत्या. वेड्यावाकड्या भाकऱ्या नवऱ्यांनी निमूट खाल्ल्या. गुरुवारी सकाळी बायका पाणवठ्यावर आल्या आणि किंचाळल्याच. प्रत्येकीच्या बोटांतून हिरवे कोंब वर आले होते! अहो, कांडलेला, सडीक तांदूळ, त्याला कुठला कोंब? पण आले, असं म्हणतात.

तुळसाबाईंच्या मुठीतून मात्र काही आलं नाही. त्यांची मूठ निखारा धरल्यासारखी पोळत होती आणि उघडू म्हटलं तरी उघडत नव्हती. त्या देवळात आल्या, सगळ्यांसमोर पायरीवर बसल्या. मानाजी दारात उभा होता.

"पुढचं मी सांगते," त्या म्हणाल्या. "डोंगरापलीकडच्या देवीच्या देवळात मी तिला सोडलं. परत आलीस तर माझ्या लेकाच्या जिवाचं बरंवाईट होईल, अशी आण घातली. म्हणून ती आली नाही. तिचं प्रेम मोठं होतं. माझं नव्हतं."

मूठ उघडली. आतले तांदूळ घामाने भिजले होते. मग बाकीच्या बायकांच्याही मुठी सुटल्या. मानाजी दारातूनच मागे वळला. त्याने बैल जुंपले.

तिसऱ्या दिवशी गाडी आली. येसू उतरली, वाळून काटकुळी झालेली. सगळं गाव वेशीवर, आता काय होतंय म्हणून. तिने सासूचा तळहात हातात घेतला, फोड पाहिले आणि विचारलं, "फार पोळलं का हो, आत्याबाई?"

तुळसाबाई रडल्या तेवढ्या जन्मात रडल्या नव्हत्या, असं म्हणतात.

साळूने कितीतरी दिवस काट्याला हात लावला नाही. आपल्याच हाताची तिला भीती वाटे. मग एका सकाळी येसूच दारात आली, पळसाचं कोवळं पान घेऊन. "मावशी, लिही गं. अजून कुणीकुणी कुठेकुठे सोडलेल्या असतील." साळूने काटा उचलला, आणि शेवटच्या दिवसापर्यंत खाली ठेवला नाही.

आजही पळसोळीत नवी सून उंबरठा ओलांडून आत आली की तिच्या ओटीत पळसाचं एक कोरं पान आणि बाभळीचा काटा घालतात. त्यावर ती काय लिहिते, ते कुणी विचारत नाही. आणि श्रावणात कहाणी सांगतात ती साळूचीच. लुगड्याच्या घडीपाशी ती थांबते. मग गावातली एखादी सासू उठते, आपल्या घरचं काहीतरी खरं सांगते, आणि आधी तिची मूठ उघडते. मग सुनांच्या.