कोतवालाची हाक आणि लाल फळे

मुलांनो, घाटातल्या एका जंगलात कोतवाल पक्ष्याचे एक पिल्लू होते. रंग काळा कुळकुळीत, शेपटी दुभंगलेली आणि अभ्यासाची हौस दांडगी. कोतवालांचे काम म्हणजे उंच शेंड्यावर बसून जंगलाला सावध करणे. साप दिसला की एक हाक द्यायची, ती ऐकताच सगळ्यांनी वर उडायचे. ससाणा दिसला की दुसरी, तेव्हा सगळ्यांनी खाली झुडपात शिरायचे. अशा बावीस हाका पाठ करून एक सकाळ खरा पहारा द्यायचा, ही त्यांची परीक्षा. पिल्लाच्या बाबांचा पंख दुखावला होता आणि त्यांच्या रिकाम्या शेंड्यावर पिल्लाला बसायचे होते.

परीक्षा पाच दिवसांवर आली, तरी पाठ झाल्या होत्या जेमतेम बारा हाका. बिचारे रडकुंडीला आले. तेव्हा शेजारचा बुलबुल म्हणाला, "अरे, मळ्यातल्या कॉफीच्या झुडपाचे लाल फळ खाऊन बघ. मी सकाळी एखादे खातो, छान तरतरी येते."

बुलबुल खोटे बोलत नव्हता. एका फळाने पिल्लाची पेंग पळाली आणि दुपारपर्यंत दोन हाका पाठ झाल्या. मग पिल्लाला वाटले, एका फळात दोन, तर पाच फळांत दहा! असे गणित फक्त परीक्षा जवळ आलेल्यालाच सुचते, नाही का? ते फळांवर फळे खाऊ लागले आणि झोपायचे थांबलेच. आई कळवळून म्हणाली, "बाळा, थोडे डोळे मिट रे." पिल्लू म्हणाले, "झोपलो तर विसरेन, आई!"

परीक्षेची सकाळ उजाडली. पिल्लू शेंड्यावर बसले तेव्हा त्याची छाती धडधडत होती, पंजे थरथरत होते. डोक्यात बावीसही हाका होत्या, पण एकीत एक अडकलेल्या. खाली त्याची धाकटी बहीण इतर पाखरांबरोबर किडे टिपत होती. तेवढ्यात आकाशात ससाणा दिसला. पिल्लाने जीव तोडून हाक दिली, पण ती होती सापाची! सगळी पाखरे भुर्रकन वर उडाली, थेट ससाण्याच्या पुढ्यात. बाबांनी खालच्या फांदीवरून ससाण्याची हाक दिली, म्हणून सगळी वाचली. बहिणीच्या शेपटीचे एक पीस मात्र ससाण्याच्या नखांत गेले.

"मी सगळे पाठ केले होते हो, बाबा!" पिल्लू हुंदके देत म्हणाले.

बाबांनी त्याला चांगल्या पंखाखाली घेतले. "ठाऊक आहे मला. फळानेही आपले काम केले, तुला जागे ठेवले. पण पाठ केलेले झोपेत मुरते, राजा. तू त्याला मुरूच दिले नाहीस. आता आधी झोप."

पिल्लू भरपूर झोपले. पुढे पंधरा दिवस त्याने रोज थोड्या हाका घोकल्या, रोज वेळेवर डोळे मिटले आणि मग ते पुन्हा शेंड्यावर बसले. ससाणा आला. पिल्लाने स्पष्ट, खणखणीत हाक दिली. सगळ्यांत आधी झुडपात शिरली ती त्याची धाकटी बहीण. तिने वर बघितलेसुद्धा नाही, तिला दादाची हाक पुरेशी होती.

तात्पर्य : तरतरी उसनी मिळते, पण अभ्यास पक्का होतो तो रोजच्या सरावाने आणि पुरेशा झोपेने.